डॉक्टरांपुढे आईलाच बोलू द्या

आईच्या डाव्या मनगटाला अजून थोडा बाक आहे. भाकरी थापताना ती उजव्या हातावर जास्त भार देते आणि मी शेजारी उभी असले की ते मला दिसतं. तिच्या पडण्याचा दोष घरात कुणी मला दिला नाही, तिनं तर नाहीच. पण त्याआधी नऊ दिवस डॉक्टरांच्या खोलीत काय झालं ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी २९ वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक होते. केसपेपरच्या खिडकीशी, ओपीडीत, वॉर्डात माझं काम एकच होतं: पेशंटचं म्हणणं डॉक्टरांपर्यंत आणि डॉक्टरांचं पेशंटपर्यंत पोचवायचं. निवृत्तीनंतर मिरजेत राहिले आणि ८१ वर्षांची आई तासगाव तालुक्यातलं घर बंद करून माझ्याकडे आली. तिला चक्कर येते म्हणून मी तिला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय आजी?" आईनं पदर सावरला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात मी सुरू झाले. बीपीचा जुना त्रास आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, पंधरा दिवस झाले चक्कर येते, बीपीच वाढलं असेल. डॉक्टरांनी बसल्या जागी बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. गोळीचा डोस वाढला. चार मिनिटांत आम्ही बाहेर. नवव्या रात्री आई लघवीला उठली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली.

मनगटाला प्लास्टर घातल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिला विचारलं, "पडायच्या आधी काय झालं?" आणि ते थांबले. पेन खाली ठेवून थांबले. आई म्हणाली, "निजून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येतीय. परत आडवी झाले की जाती. दिवसा बसून असले तर काय न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "रातच्याला तीन-चार डाव उठायला लागतं." मग कळलं की लघवी होण्याची जी गोळी सकाळी घ्यायची, ती आई रात्री घेत होती. दर एकादशीला ती एसटीनं गावच्या देवळात जायची आणि स्टँडवरच्या संडासात पाय टाकणं तिला नको व्हायचं. म्हणून तिनं रोजचीच वेळ बदलून टाकली होती. डॉक्टरांनी तिला झोपवून बीपी मोजलं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी. झोपून वरचा आकडा १५२, उभ्यानं ११८. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात.

यातलं सगळं आईला माहीत होतं. फक्त आकडे तेवढे तिच्याकडे नव्हते.

आता कामाचं बोलते. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरांकडे नेणं हे एक काम आहे आणि ते शिकता येतं. मी इतरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि स्वतःच्या आईच्या वेळी मायेच्या घाईत विसरले. माया असली की माणूस पटकन बोलतो.

वेळ किती मिळते ते आधी समजून घ्या

अमेरिकेतल्या हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघा संशोधकांनी १९८४ मध्ये डॉक्टर आणि पेशंटच्या ७४ भेटी तपासल्या. पेशंटनं गाऱ्हाणं सुरू केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी मध्येच प्रश्न टाकलेला होता. ज्यांना पहिलं म्हणणं पुरं करता आलं असे पेशंट जेमतेम १७. मग कुणाच्याही मनात येईल, की मध्ये तोडलं नाही तर लोक अर्धा तास बोलत बसतील. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात नेमकं हेच पाहिलं. डॉक्टरांना सांगितलं होतं, पेशंट आपणहून थांबेपर्यंत गप्प बसा. २००२ मध्ये निकाल छापून आला: ३३५ पेशंट, आणि बोलायला लागलेला सरासरी वेळ ९२ सेकंद. दीड मिनिट! दीड मिनिटात माणसाचं म्हणणं संपतं.

आपल्याकडच्या ओपीडीत मी जे पाहिलं त्यात आणखी एक भर आहे. इथे पहिल्यांदा तोडतो तो बऱ्याचदा नातेवाईक. मुलगा, सून, जावई, लेक. डॉक्टरांची पाळी नंतर येते.

वेळ कमी मिळणार हे मात्र धरूनच चाला. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेची माहिती एकत्र करून मांडली गेली, तेव्हा बांगलादेशात एका पेशंटला सरासरी ४८ सेकंद मिळत होते आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. बाहेर साठ माणसं बसलेल्या आपल्या ओपीडीत डॉक्टर तरी काय करणार. म्हणून जी तयारी करायची ती घरी करायची, आदल्या दिवशी.

आदल्या संध्याकाळचा कागद

दिवेलागणीनंतर, टीव्ही बंद करून, जवळ बसा. जेवणाआधीची वेळ बरी, जेवणानंतर डोळे मिटायला लागतात. एक पाठकोरा कागद घ्या. विचारायचं एवढंच: "उद्या डॉक्टरांना काय काय सांगायचंय?" आणि जे शब्द येतील ते जसेच्या तसे लिहायचे. आपण त्याचं भाषांतर करायचं नाही. माझा सगळा आग्रह इथेच आहे.

"चक्कर" या एका शब्दाचंच बघा. आई "अंधारी येते" म्हणते. माझी शेजारीण "घर गरगर फिरतं" म्हणते. तिचे यजमान "झोक जातो" म्हणतात. तिघंही डॉक्टरांना "चक्कर येते" असंच सांगणार. पण अंधारी येणं म्हटलं की डॉक्टर बीपीकडे वळतात, घर फिरणं म्हटलं की आतल्या कानाकडे, आणि झोक जाणं म्हटलं की पाय, नसा, तोल यांच्याकडे. त्यांचा अर्धा तपास तुमच्या आईच्या त्या एका शब्दात असतो, आणि आपण तो पुसून "चक्कर" लिहितो किंवा त्याहून वाईट म्हणजे "बीपीचा त्रास" लिहितो. आजाराचं नाव आपण द्यायचं नाही. काय होतं, कधी होतं, काय केल्यावर जातं, एवढं लिहायचं.

असे शब्द गावोगावी आहेत. जीव घाबरा होणं, कसंसंच होणं, भरून येणं, पायांची आग होणं, मुंग्या येणं, अंगात कसकस. छातीत दुखतंय असं कित्येक म्हातारी माणसं म्हणतच नाहीत. "गॅस झालाय" म्हणतात, "दम लागतो" म्हणतात, "एकाएकी गळून गेल्यासारखं झालं" म्हणतात. वय झालेल्यांना आणि मधुमेह असलेल्यांना हृदयाचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. त्यामुळे "गॅसच असेल" हे वाक्य कागदावर आलं तर ते खोडू नका, त्याच्या पुढे लिहा: चढ चढताना होतं का, घाम येतो का, बसल्यावर थांबतं का. आणि असं आत्ता, या घडीला होत असेल तर कागद राहू द्या, लगेच दवाखाना गाठा.

चार-पाच गोष्टी निघाल्या की विचारा, "यातली कशाची काळजी जास्त वाटते?" ती सगळ्यांत वर लिहा. माणसं सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटी सांगतात, उठून दाराशी गेल्यावर. एका आजोबांनी दाराची कडी धरून सांगितलं होतं, "आणि हां, लघवीतनं रक्त जातंय दोन महिने झाले." तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात. मागच्या सहा महिन्यांत कधी पडणं झालं का, नुसतं घसरणं धरून. झोप कशी आहे. आणि उपास. ही शेवटची गोष्ट डॉक्टर फारसे विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. साखरेची गोळी तशीच चालू आणि पोटात मात्र दोन घास साबुदाणा, किंवा तोही नाही. मग दुपारी हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतं. ते साखर उतरल्याचं लक्षण असतं. काही जणी याच्या उलट करतात, उपासाला गोळी चालत नाही म्हणून ती सोडतात. "उपास सोड" म्हणून आई उपास सोडणार नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांना वार सांगा, ते त्या दिवसापुरतं गोळीचं गणित बसवून देतात.

गोळ्यांची पिशवी

जुन्या चिठ्ठ्यांची फाइल न्या, पण तेवढ्यावर भागवू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या एका कापडी पिशवीत घाला आणि ती पिशवीच टेबलावर ठेवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. उशाखालची, देव्हाऱ्याच्या कप्प्यातली, कमरेच्या पिशवीतली. वैद्यांचं चूर्ण, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची बाटली, गुडघ्याला चोळायचं तेल, शेजारणीनं "मला गुण आला" म्हणून दिलेली अर्धी पट्टी.

मी हे काम करायचे तेव्हा पिशवी उलटी केली की बहुतेक वेळा तीनपैकी एक तरी गोष्ट निघायची. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी, दोन डॉक्टरांनी दिलेलं, आणि माणूस दोन्ही घेतोय. हे तुम्हालाही तपासता येतं: पट्टीवरच्या मोठ्या नावाकडे पाहू नका, खाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं ते जुळवून बघा. दुसरी, अंगदुखीची गोळी. मेडिकलमधून सुट्टी आणलेली, बहुतेकदा डायक्लोफिनॅक. ती महिनोन् महिने घेतली तर बीपी चढतं, मूत्रपिंडाला इजा होते, पोटात व्रण होतात, आणि चिठ्ठीवर तिचा पत्ताच नसतो. तिसरी, सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामिन असलेली गोळी तरुण माणसाला नुसती झोप आणते, पण ऐंशीच्या माणसाला तिनं भ्रम होऊ शकतो, लघवी अडू शकते, तोल जाऊ शकतो. अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली होती. आज ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते, अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी ती वेळोवेळी सुधारते, आणि सर्दीची ही साधी गोळी तिच्यात आहे.

पिशवी पाहून आपल्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, "यातली कुठली आता कमी करता येईल?" हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

आणि गोळी चुकीच्या वेळी घेतलेली कळली तर रागावू नका. कारण विचारा. स्टँडवरच्या संडासासारखं कारण असतं, आणि ते खरं असतं.

खोलीत गेल्यावर

डॉक्टरांच्या जवळची खुर्ची पेशंटची. तुम्ही तिच्या मागे किंवा बाजूला, जरा आत सरकून. ही साधी गोष्ट, पण तिनं बरंच बदलतं, कारण डॉक्टर ज्याच्याकडे पाहून बोलतात तोच पेशंट होतो. आईला ज्या कानानं बरं ऐकू येतं तो कान डॉक्टरांकडे येईल असं बसवा. चष्मा घातलेला हवा, कानाचं यंत्र पिशवीत न ठेवता कानात हवं, आणि पंखा खडखडत असेल तर "जरा बंद करू का?" असं विचारायला लाजू नका.

ऐकू येण्याबद्दल थोडं सांगते, कारण चुका इथे फार होतात. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, चढे आवाज जातात. स, श, फ, थ यांसारखी अक्षरं विरून जातात. आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणून ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना आवाज आणखी चिरका होतो आणि चेहरा रागीट. समोर येऊन, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहून, जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश बोला. आणि आपल्या भाषेतली एक अडचण ध्यानात ठेवा: "सकाळी" आणि "संध्याकाळी" दोन्ही स पासून सुरू होतात आणि दोन्हींच्या शेवटी "काळी". कमी ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. "सात" आणि "साठ"चंही तेच. मी आईला "चहानंतरची" आणि "दिवाबत्तीची" असं सांगते. त्यात घोळ होत नाही.

डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं की तुम्ही ओठ मिटायचे. मनात शंभरपर्यंत मोजा. आईची शांतता सहन करणं हे या सगळ्या कामातलं अवघड काम आहे. ती पदर सावरेल, घसा साफ करेल, "काय न्हाई, बरं हाय" म्हणेल. तरी थांबा. डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही आईकडे पाहा. ती अडखळली तर कागद तिच्या हातात द्या, नाहीतर फक्त आठवण करा, "आई, ते रात्रीचं." पुढचं तिनं सांगायचं. तिचं झालं की मग तुम्हाला जे दिसलं ते सांगा, तुमचं म्हणून: "मी पाहिलंय, ती भिंत धरून चालते." तुम्ही पाहिलेलंही मोलाचं असतं. फक्त त्याची पाळी दुसरी.

डॉक्टर आईला सोडून तुमच्याशीच बोलू लागले तर भांडू नका. "डॉक्टर, तिलाच सांगता का? गोळ्या तीच घेते," असं म्हणा. या वाक्यावर राग आलेला डॉक्टर मी पाहिलेला नाही.

बोलण्याची तऱ्हा आणखी एका बाजूनं महत्त्वाची आहे. "आजी, आ करा बघू... शाब्बास, शहाणं बाळ!" हे प्रेमानं म्हटलं जातं. अमेरिकेत कॅन्ससमध्ये क्रिस्टिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमांतल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांचं निरीक्षण केलं. कर्मचारी असं लाडीगोडीचं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलले की ती माणसं आंघोळीला, कपडे बदलायला जास्त विरोध करत होती. नीट मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं की कमी. ज्यांची स्मृती गेलेली आहे त्यांनाही अपमान कळतो. आमच्या वॉर्डात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. "आजोबा" म्हटलं की तोंड फिरवायचे, "सर" म्हटलं की हात पुढे करायचे सुई टोचायला. कुणाला काय म्हणायचं ते त्या माणसाला विचारावं.

काही बोलणी तुमच्यासमोर होणार नाहीत, हेही मान्य करा. अंग बाहेर येणं हे मुलासमोर कुठली आई सांगेल? लघवी कपड्यात होणं, बद्धकोष्ठ, सुनेशी अबोला, पैशांची ओढाताण, "आता जगून काय करायचं" हा विचार. तपासणी झाली की आपणहून म्हणा, "मी दोन मिनिटं बाहेर थांबते, तुम्ही बोला." आणि खरंच बाहेर जा. परत आल्यावर काय बोललीस म्हणून विचारू नका.

उठण्याआधी

अमेरिकेतले संशोधक जॉन हेरिटेज आणि त्यांचे सहकारी यांचा २००७ चा एक अभ्यास मला फार आवडतो. डॉक्टरांनी शेवटी इंग्रजीत "आणखी काही?" हे दोन तऱ्हांनी विचारलं. दोन वाक्यांत फरक एका शब्दाचा; एका शब्दात "नाही"ची अपेक्षा दडलेली, दुसऱ्यात "हो"ची. "हो"ची अपेक्षा असलेल्या वाक्यानं पेशंटच्या न सांगितल्या गेलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या. आपण काय विचारतो? "अजून काही नाही ना?" त्यात उत्तर देऊनच टाकलेलं असतं. त्याऐवजी "अजून कशाबद्दल बोलायचं राहिलंय?" असं म्हणून बघा. मी आईला हेच विचारते, खुर्चीतून उठण्याआधी, डॉक्टरांच्या समोर.

मग सांगितलेलं परत म्हणवून घ्यायचं. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के पेशंट लगेच विसरतात, आणि जे आठवतं त्यातलं निम्मं चुकीचं आठवतं, असं या विषयावरचे अभ्यास सांगतात. हे सगळ्यांचंच, तरुणांचंही. वय आणि घाबरेपणा यांनी त्यात भर पडते. "कळलं ना?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला सगळे "व्हय" म्हणतात. मी म्हणते, "आई, आक्काचा फोन आला की तिला काय सांगशील? कुठली गोळी कधी?" आई सांगते. चुकलं तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतात. याला अर्धं मिनिट लागतं. परीक्षा घेतल्यासारखं वाटू देऊ नका, "मलाही नीट कळलंय का ते बघते" म्हणा, कारण ते खरंच असतं.

मोठा आजार निघाला तर? "त्यांना सांगू नका" असं नातेवाईकांनी डॉक्टरांना बाहेर गाठून सांगणं मी शेकडो वेळा पाहिलं. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण वॉर्डात पडून राहिलेल्या माणसाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो, आणि मग सगळं घर एकमेकांशी खोटं बोलत राहतं. रिपोर्ट येण्याआधीच, शांतपणे, त्यांनाच विचारा: "काय निघेल ते तुम्हाला ऐकायचंय, की थोरल्याला सांगू?" काही जण म्हणतात, त्यालाच सांगा. तेही ठीक. ठरवणारे ते असले म्हणजे झालं.

"वयच झालं" हे वाक्य

हे वाक्य घरातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाय सुजले, वयच झालं. ऐकू येत नाही, वयच झालं. जेवण जात नाही, बोलत नाही, कोपऱ्यात बसते, वयच झालं. यातल्या कितीतरी गोष्टींवर उपाय असतो. अमेरिकेत ओहायोमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६६० माणसांना म्हातारपणाबद्दल स्वतःला काय वाटतं ते विचारलं होतं. बेका लेव्ही यांनी पुढे दोन दशकांहून अधिक काळानं हिशेब मांडला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: ज्यांना आपल्या म्हातारपणाबद्दल बरं वाटत होतं ते सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. आणि १९९७ मध्ये एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी २७ अभ्यास एकत्र वाचून दाखवलं, की "तुमची तब्येत कशी आहे?" या साध्या प्रश्नाला माणूस स्वतः जे उत्तर देतो, त्यावरून पुढचं आयुष्य बऱ्याच अंशी ओळखता येतं, आजार आणि तपासण्या हिशेबात धरल्यावरसुद्धा. हे वाचल्यापासून मी आईच्या "बरं वाटत न्हाई" या तीन शब्दांकडे रिपोर्टइतक्याच लक्षानं बघते.

आपल्याकडेही हे प्रश्न विचारले जातात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली, तब्येत, स्मरण, मन, घरची परिस्थिती, सगळ्याची.

एक गोष्ट मात्र थांबून वाचा. काल नीट बोलणारं माणूस आज एकाएकी भलतंच बोलू लागलं, दिवसाला रात्र म्हणू लागलं, मेलेल्या माणसांशी बोलू लागलं किंवा अचानक सुस्त पडून राहिलं, तर ते म्हातारचळ नव्हे. स्मृतिभ्रंश बहुतेक वेळा महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलंय: लघवीत जंतू, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर उतरणं, नवी सुरू झालेली गोळी, पडून डोक्याला लागलेला मार. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, "परवापर्यंत ठीक होती." तिथे मात्र तुम्हीच बोलायचं.

घरी परत आल्यावर

गोळ्यांचा डबा भरताना मी आईला शेजारी बसवते. भरते ती, बघते मी. डाव्या हाताच्या बोटांना जरा वेळ लागतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, आणि प्रत्येकाला एकेक रोप दिलं, त्याची निगा तुम्हीच राखायची म्हणून. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि हिंडती-फिरती होती. प्रयोग लहान होता, पण मी जे घरोघरी पाहिलंय त्याच्याशी तो जुळतो. ज्याच्या हातून सगळी कामं काढून घेतली त्याचं बोलणंही थोड्या दिवसांत बंद होतं.

गाठीला कुणी नसेल, किंवा घरात त्रास असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा.

आईची लघवीची गोळी आता चहानंतर असते. एकादशीला काय करायचं ते तिनं स्वतः डॉक्टरांना विचारलं. "गावाकडनं आल्यावर घेतली तर चालंल का?" त्यांनी एसटी किती वाजता परत येते ते विचारलं, आणि दुपारी तीनच्या आत येत असाल तर चालेल म्हणाले. ती अडीचला येते. पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. कागद फ्रिजवर लावलाय आणि त्यावर आईनं काल एक ओळ सांगितली, मी जशीच्या तशी लिहिली: "डाव्या कानात रातकिडे वरडत्यात."